देवस्थानची साइट दिव्यांगांनाही वापरता यावी म्हणून: विजेट विकत घेण्याआधी माउस बाजूला ठेवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. फोंडा तालुक्यातल्या एका देवस्थानची साइट विचारणारे गृहस्थ फावल्या वेळात सांभाळतात. साइटवर सेवांच्या पावत्या, अग्रशाळेतल्या खोल्या, उत्सवांच्या तारखा आणि थेट दर्शन आहे. मुंबईच्या एका अंध कुळाव्याने, म्हणजे ज्याचं हे कुलदैवत त्याने, कळवलं की अभिषेकाची पावती करता येत नाही, तारखेपाशी गाडं अडतं. दरम्यान कमिटीतल्या कुणीतरी एका कंपनीचं कोटेशन आणलं: एक ओळ कोड टाका, साइट दिव्यांगांसाठी तयार. ते घ्यावं का, नाहीतर कुठून सुरुवात करावी आणि कायदा काय म्हणतो?

कोटेशन परत करा. त्या ओळीने साइटच्या कोपऱ्यात एक गोल बटन, म्हणजे विजेट, येतं. ते दाबलं की अक्षर मोठं करा, रंग उलटे करा, पान वाचून दाखवा असे पर्याय उघडतात. पण ज्याला दिसत नाही त्याच्या फोनवर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे स्क्रीन रीडर, आधीपासूनच असतो. व्हॉट्सॲप, बँक, रेल्वेचं तिकीट सगळं तो त्यावरच करतो आणि आवाज, वेग, भाषा त्याने आपल्या सोयीने लावून ठेवलेली असते. तुमच्या साइटने त्याला आणखी एक आवाज देण्याची गरज नाही. रकान्याला नाव असावं आणि बटन हे खरंच बटन असावं, एवढंच त्याला हवं असतं. मूळ पानात ते नसेल तर वरून चिकटवलेला कोड फार तर अंदाज बांधतो आणि 'यजमानाचे नाव' कुठलं, 'गोत्र' कुठलं हे त्याला कळायचं काही कारण नाही. पावसाळ्यात भिंतीला ओल आली की वरून चुना मारण्यातला हा प्रकार. ॲक्सेसीबी नावाच्या, असाच वरून चिकटवायचा कोड (ओव्हरले) विकणाऱ्या कंपनीला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ मध्ये १० लाख डॉलर भरायला लावले. आमचं साधन कुठलीही साइट आंतरराष्ट्रीय निकषांत बसवतं, हा तिचा दावा फसवा आहे, असं कमिशनचं म्हणणं होतं.

आता सुरुवातीबद्दल. बहुतेक जण आधी तपासणीचं टूल चालवतात, दीडशे दोषांची यादी बघून घाबरतात आणि त्यातले सोपे वीस दुरुस्त करून थांबतात. त्या विसांत तारखेचा रकाना नसतो. माझी पद्धत उलटी आहे. लोक तुमच्या साइटवर कशाकशासाठी येतात ते कागदावर लिहा. तुमच्याकडे मला चार कामं दिसतात: सेवेची पावती, खोली, पालखी-जत्रेची तारीख आणि देवळाची वेळ. यातलं प्रत्येक काम पहिल्या पानापासून शेवटपर्यंत कुणाची मदत न घेता पुरं होतं का, एवढाच प्रश्न. कुठे अडलं ते लिहून ठेवा, तीच तुमची दोषांची यादी.

अभिषेकाची पावती घ्या. संगणकावर माउस बाजूला सारा आणि फक्त टॅब, शिफ्ट-टॅब, एंटर, स्पेस आणि बाणांच्या कळा वापरून पावतीपर्यंत पोचा. पहिल्याच मिनिटाला कळेल की आपण पानावर कुठे आहोत ते दिसतच नाही. निवडलेल्या लिंकभोवती ब्राउझर स्वतःहून चौकट काढतो, पण थीम बनवणाऱ्याला ती कुरूप वाटते आणि तो ती सीएसएसमध्ये, म्हणजे साइटचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये, 'आउटलाइन नन' लिहून घालवतो. ती परत आणा, जाड आणि ठळक. पुढे मेनू येईल. 'सेवा'वर माउस नेला की खाली उपमेनू उघडतो, पण टॅबने उघडत नाही, म्हणजे लघुरुद्र, अभिषेक, सत्यनारायण हे सगळं कळफलक वापरणाऱ्यासाठी नाहीच. ज्याचे हात थरथरतात, ज्याचा एकच हात चालतो, जो तोंडात काडी धरून टाइप करतो, असे सगळे या कळफलकाच्या वाटेनेच येतात. हा प्रश्न फक्त अंध माणसांचा नाही.

मग तोच प्रवास फोनवर करा. बहुतेक अँड्रॉइड फोनवर आवाजाच्या दोन्ही कळा तीन सेकंद दाबून धरल्या की टॉकबॅक हा स्क्रीन रीडर सुरू होतो, बंदही तसाच होतो. नाही झाला तर सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीखाली सापडेल. उजवीकडे बोट सरकवलं की पुढची गोष्ट वाचली जाते, दोनदा टिचकी मारली की ती उघडते. आयफोनवर हेच काम व्हॉइसओव्हर करतो. विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर उतरवून घ्या. तो फुकट आहे, मायकल करन आणि जेम्स टेह या दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी २००६ मध्ये त्याचं काम सुरू केलं आणि आज आपल्याकडचे असंख्य लोक त्यावर नोकऱ्या करतात. पहिल्या दिवशी कटकट होईल, पण तासाभरात हात बसतो.

एनव्हीडीएने तुमच्यासारखाच एक फॉर्म ऐकला तेव्हा कानावर काय आलं ते सांगतो. "एडिट, ब्लँक." टॅब. "एडिट, ब्लँक." टॅब. "एडिट, ब्लँक." टॅब. "क्लिकेबल, सिलेक्ट." डोळ्यांना तिथे यजमानाचे नाव, गोत्र, नक्षत्र आणि तारीख असं नीट मांडलेलं दिसत होतं. पण ते शब्द रकान्याच्या शेजारी नुसते ठेवलेले होते, त्यांचं रकान्याशी नातं जोडलेलं नव्हतं. लेबल टॅगमध्ये शब्द लिहायचा आणि 'फॉर'मध्ये त्या रकान्याचा आयडी द्यायचा, की रीडर म्हणतो: "गोत्र, एडिट." कामाला दोन मिनिटं लागतात. फायदा डोळसांनाही होतो, कारण शब्दावर बोट लागलं तरी रकाना उघडतो. काही जण लेबल गाळून रकान्याच्या आत फिकट अक्षरांत 'गोत्र' लिहितात. टाइप करायला लागलं की ते नाहीसं होतं आणि मग सत्तरीच्या काकांना आपण कुठल्या रकान्यात काय भरत होतो तेच आठवत नाही. लेबल बाहेर, कायम दिसेल असंच ठेवा.

गोत्राची यादी देताना साधा सिलेक्ट टॅग वापरा. सुंदर दिसावी म्हणून डिव्हचे, म्हणजे नुसत्या कोऱ्या चौकटींचे, तुकडे जुळवून केलेली यादी बोटाने उघडते, पण रीडरच्या लेखी ती यादी नसते, एकाखाली एक पडलेले शब्द असतात. बटनांचंही तेच. डिव्हला क्लिक लावून बटनाचा रंग दिला म्हणजे बटन होत नाही. टॅब त्याच्यावर थांबत नाही, एंटर चालत नाही. खरा बटन टॅग हे सगळं आपोआप करतो. या धंद्यातलं निम्मं काम म्हणजे ब्राउझरने फुकट दिलेली वस्तू वापरणं आणि आपली कारागिरी आवरणं.

आता तुमचा तारखेचा रकाना. बहुतेक कॅलेंडर प्लगइनमध्ये तारखा म्हणजे चौकटीतले नुसते आकडे असतात. ऐकणाऱ्याला "एक, दोन, तीन" ऐकू येतं, महिना नाही, वार नाही, आणि मोकळी तारीख हिरवी, भरलेली लाल असते ते तर त्याच्यापर्यंत पोचतच नाही. लाल-हिरव्यातला फरक न कळणाऱ्या पुरुषांचाही तिथेच गोंधळ होतो. चांगली कॅलेंडरं असतात, पण ती नीट बसवणं जिकिरीचं. देवस्थानसाठी मी कॅलेंडरच काढून टाकतो. सेवा ठरावीक दिवशीच होतात, जत्रेच्या दिवसांत बंद असतात, मग ज्या तारखा खरंच मिळू शकतात त्यांचीच यादी द्या: 'सोमवार, २ मार्च, जागा आहे'. निवडा, पुढे जा. ज्यांना नीट दिसतं तेही ही यादी कॅलेंडरपेक्षा लवकर वापरतात, हे मी वारंवार पाहिलंय.

काही चुकलं तर फॉर्म काय करतो तेही बघा. रकान्याची कड लाल होते आणि पान तसंच राहतं. ज्याला लाल दिसत नाही तो पुन्हा पुन्हा 'पुढे' दाबत बसतो. 'मोबाइल क्रमांक १० अंकी हवा' असं अक्षरांत, त्याच रकान्याखाली लिहा, आणि फोकस, म्हणजे कळफलकाची निवड, तिथे न्या म्हणजे रीडर ते वाचेल. वाकडीतिकडी अक्षरं ओळखायला लावणारा कॅप्चा असेल तर आजच काढा. स्पॅम रोखायला अदृश्य रकान्याची युक्ती किंवा मोबाइलवरचा ओटीपी पुरतो. पण ओटीपीला ६० सेकंदांची मुदत नको. संदेश आला, तो ऐकला, आकडे लक्षात ठेवले, परत ब्राउझरवर आलो, रकाना शोधला, यात वेळ जातो. मुदत वाढवायची सोय द्या.

पैसे भरण्याचं पान गेटवेवाल्याचं असतं, तुमच्या हातात नसतं. त्यांना लेखी कळवा आणि दुसरी वाट ठेवा. देणगीसाठी नुसता क्यूआर कोडचा फोटो लावलेला असतो. जो फोनवरच साइट बघतोय त्याने तो कोड कशाने स्कॅन करायचा? खाली यूपीआय आयडी अक्षरांत लिहा, खाते क्रमांक आणि आयएफएससीही लिहा. हे अंध भाविकासाठी केलं तरी वापरणार सगळेच.

मराठी साइटचे काही खास दोष आहेत, इंग्रजीतल्या मार्गदर्शनात ते सापडत नाहीत, म्हणून इथे जरा थांबतो.

पहिला दोष भाषेच्या खुणेचा. पानाच्या सुरुवातीला एचटीएमएल टॅगमध्ये लँग नावाचं एक ॲट्रिब्यूट असतं. मराठीला तिथे 'एमआर' हवं, कोंकणीला 'केओके'. वर्डप्रेस इंग्रजीत बसवलं आणि मजकूर मराठीत भरला की ते इंग्रजीच राहतं. मग रीडर इंग्रजी आवाज लावतो आणि तो आवाज देवनागरी एक तर गाळतो किंवा अक्षर न् अक्षर तोडून वाचतो. सेटिंगमध्ये साइटची भाषा मराठी केली की बहुतेक थीममध्ये हे सुधारतं आणि 'रीड मोअर', 'बुक नाऊ' ही बटनंही बऱ्याच अंशी मराठीत येतात. गोव्यात एकाच साइटवर मराठी, कोंकणी, इंग्रजी तिन्ही नांदतात, तेव्हा त्या त्या परिच्छेदावर त्या त्या भाषेची खूण हवी.

दुसरा, जुन्या फॉन्टचा. देवस्थानांचा इतिहास, स्तोत्रं, आरत्या कधीकाळी छापखान्यात श्रीलिपी किंवा शिवाजीसारख्या फॉन्टमध्ये टाइप झालेल्या असतात आणि तोच मजकूर साइटवर चिकटवलेला असतो. डोळ्यांना मराठी दिसतं, आत रोमन अक्षरांची खिचडी असते. रीडर ती खिचडीच वाचतो. गूगललाही ती कळत नाही, त्यामुळे तुमच्या देवाची आरती शोधणाऱ्याला तुमची साइट सापडतही नाही. सगळं युनिकोडमध्ये आणा. कन्व्हर्टर मिळतात, पण नंतर डोळ्यांखालून घाला, कारण रफार, जोडाक्षरं आणि 'दुसऱ्या', 'पायऱ्या' यांतला र हमखास बिघडतो.

तिसरा, मांडणीचा. इंग्रजी शीर्षकांना शोभतं म्हणून अक्षरांत अंतर सोडलं की देवनागरीची शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. अल्पदृष्टी असलेला माणूस शब्दाचा आकार बघून वाचतो, त्याच्यासाठी तो शब्दच राहत नाही. अक्षरांत अंतर नको, पण ओळींत भरपूर हवं. इंग्रजीला पुरणाऱ्या ओळीत वरची वेलांटी आणि खालचा उकार एकमेकांत अडकतात. मी मजकुराला १८ पिक्सेल आणि ओळीला १.७ पट उंची देतो, बारीक वजनाचे फॉन्ट टाळतो.

चौथा, संक्षेपांचा. 'सायं. ७.०० वा.' हे रीडर कसं वाचेल त्याचा नेम नाही, 'सात दशांश शून्य शून्य' असंही ऐकलंय. 'संध्याकाळी ७ वाजता' लिहा. '५/२' म्हणजे फेब्रुवारी की मे हा प्रश्न तर सगळ्यांनाच पडतो.

आणि सगळ्यात मोठा, पत्रिकेचा फोटो. उत्सवाची रंगीत पत्रिका छापून येते, कारकून तिचा फोटो व्हॉट्सॲपवर घेतो आणि 'कार्यक्रम' पानावर चढवतो. त्यात पालखी किती वाजता, कीर्तन कुणाचं, महाप्रसाद कधी, रात्रीचं नाटक कुठलं हे सगळं असतं. ऐकणाऱ्याला काय मिळतं? "लिंक, ग्राफिक, आयएमजी डॅश" आणि पुढे आकड्यांची माळ. फोटोला ऑल्ट मजकूर, म्हणजे रीडरने वाचायचं वर्णन, द्यावा हे तुम्ही वाचलं असेल. पण अख्खी पत्रिका ऑल्टमध्ये कोंबू नका. पत्रिकेखाली तोच कार्यक्रम साध्या मजकुरात टाइप करा, दिवसाला एक उपशीर्षक, आणि ऑल्टमध्ये फक्त 'जत्रोत्सव पत्रिका, संपूर्ण कार्यक्रम खाली' इतकंच. पत्रिका छापण्याआधी डीटीपीवाल्याकडे मजकूर असतोच, तो मागून घ्या, पुन्हा टाइप करावं लागत नाही. स्कॅन केलेल्या पीडीएफचंही हेच. देवळाच्या फोटोंना खरं वर्णन द्या: 'दीपस्तंभ आणि मागे तळी, त्रिपुरारी पौर्णिमेची रात्र'. नुसती नक्षी असेल तर ऑल्ट रिकामा ठेवा, पण ठेवा. गाळलात तर काही रीडर फाइलचं नाव वाचतात.

खरी मेख इथे आहे. तुम्ही कोड सुधारून जाल, पण पुढची दहा वर्षं पान भरणार तो ऑफिसातला कारकून. त्याला ॲक्सेसिबिलिटीवर व्याख्यान नको. 'फोटो चढवला की खाली मजकूर लिहायचा' आणि 'शीर्षक हे शीर्षक म्हणूनच निवडायचं, नुसतं ठळक करून नाही' ही दोन वाक्यं त्याच्या टेबलावर लावा. शीर्षकाचं कारण त्यालाही कळेल: स्क्रीन रीडरवर एच दाबला की माणूस एका शीर्षकावरून दुसऱ्यावर उडी मारतो, जशी आपण डोळ्यांनी मारतो. शीर्षकं नसली तर त्याला 'दर्शनाची वेळ' शोधायला अख्खा स्थळपुराणाचा लेख ऐकावा लागतो. लिंकांचीही वेगळी यादी काढता येते, आणि तीत सहा वेळा 'येथे क्लिक करा' ऐकू आलं तर यादीचा उपयोग शून्य.

रंगाचं एकदाच सांगतो. देवस्थान म्हटलं की भगवी पट्टी आणि त्यावर पांढरी अक्षरं, हे ठरलेलंच. डब्ल्यूसीएजी हा आंतरराष्ट्रीय निकष सांगतो की साध्या मजकुरात आणि मागच्या रंगात किमान ४.५ ला १ इतका फरक हवा, मोठ्या अक्षरांना ३ ला १ चालतो. नेहमीचा भगवा, म्हणजे एफएफ९९३३ या रंगकोडचा, त्यावर पांढऱ्याचा फरक येतो जेमतेम २.१. उन्हात फोन धरून बसस्टँडवर उभं राहून बघा, चांगल्या डोळ्यांनाही काही दिसणार नाही. त्याच भगव्यावर काळं अक्षर ९.९ पर्यंत जातं. पांढरंच हवं असेल तर खाली काव घ्या. आपल्या देवळांच्या भिंतींवरच्या कावीच्या चित्रांतला तो गडद तांबडा, त्यावर पांढरं झकास उठतं आणि साइट इतर शंभर साइट्ससारखी दिसत नाही. शुद्ध मरून, म्हणजे ८०००००, धरला तर फरक जवळपास ११ येतो. क्रोममध्ये अक्षरावर इन्स्पेक्ट करून रंगाच्या चौकोनावर टिचकी मारली की हा आकडा दिसतो.

बाकीचं भराभर. सरकती सूचनापट्टी आणि आपोआप बदलणारे फोटो थांबवायचं बटन द्या, त्याहून चांगलं म्हणजे काढून टाका. लुकलुकणारं 'नवीन!' नको. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा काही चमकलं तर फेफरं असणाऱ्याला ते धोक्याचं ठरू शकतं. फोनवर दोन बोटांनी पान मोठं करता येतं का बघा, अनेक थीम ते बंद करून ठेवतात. कीर्तन-प्रवचनाच्या व्हिडिओला मराठी सबटायटल्स हवेत. थेट दर्शनाला ते जमत नसेल तर निदान शेजारी 'आता काय चाललंय' ते लिहा. आणि चौकशीसाठी नुसता फोन नंबर पुरत नाही, कर्णबधिर माणसाने तो लावून काय करायचं? व्हॉट्सॲप आणि ईमेल द्या, आणि त्यांना उत्तर मिळेल याची कुणावर तरी जबाबदारी टाका.

एक गोष्ट कोडमध्ये मोडत नाही, तरी मी प्रत्येक देवस्थानला लिहायला लावतो: देवळात पोचणं कसं आहे. 'गाडी महाद्वारापर्यंत येते. दाराला ३ पायऱ्या, रॅम्प नाही. पुढे सभामंडपापर्यंत सपाट फरशी, पावसात निसरडी. अग्रशाळेत तळमजल्यावर खोली आहे, संडास कमोडचा.' हे चार ओळींचं खरं वर्णन पाच फोटोंपेक्षा कामाचं. यातून एक प्रश्न कमिटीपुढे येतोच: व्हीलचेअर, कुबड्या, पायातलं कॅलिपर सभामंडपात चालतं का? चप्पल बाहेर हा नियम कॅलिपरच्या बुटाला लावायचा की नाही? मुंबईहून आलेल्या माणसाने ते दारात उभं राहून ऐकण्यापेक्षा साइटवर आधी वाचलेलं बरं. उत्तर काय द्यायचं ते महाजनांनी, म्हणजे देवस्थानच्या कारभाऱ्यांनी, ठरवावं, पण ठरवून लिहावं.

इतकं झालं की मग टूल चालवा: क्रोममधला लाइटहाउस, ॲक्स किंवा वेव्ह, फुकटात भागतं. वेबएम ही अमेरिकी संस्था दरवर्षी दहा लाख साइट्सची पहिली पानं यंत्राने तपासते. २०२५ मध्ये ९४.८ टक्के पानांत दोष सापडले आणि पकडलेल्या दोषांपैकी सुमारे ९६ टक्के सहाच प्रकारांचे होते: फिका रंग, ऑल्ट नाही, लेबल नाही, रिकामी लिंक, रिकामं बटन आणि भाषेची खूण नाही. म्हणजे वर सांगितलेलंच. पण टूलमध्ये १०० गुण मिळाले म्हणून कमिटीपुढे पेढे वाटू नका. ऑल्टमध्ये 'फोटो' लिहिलं तरी टूल पास करतं. कंत्राटदाराला लेखी काय मागायचं असेल तर 'डब्ल्यूसीएजी २.२, पातळी एए' असं लिहा. ऑक्टोबर २०२३ ची ही आवृत्ती आहे आणि या पातळीपर्यंत तीत ५५ निकष आहेत. सोबत 'अभिषेकाची पावती कळफलकाने आणि टॉकबॅकने पूर्ण करून दाखवावी' हे वाक्यही घाला. ५५ निकषांचा तक्ता खोटा भरता येतो, हे वाक्य पाळलं की नाही ते समोर बसून बघता येतं.

कायद्याचं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे. १९९५ च्या कायद्यात ७ प्रकारची दिव्यांगता होती, यात २१ आहेत. कलम ४६ सेवा पुरवणाऱ्यांना लागू होतं आणि त्यात सरकारी व खासगी दोन्ही आले. कलम ८९ प्रमाणे पहिल्या उल्लंघनाला १० हजारांपर्यंत दंड, पुढच्यांना ५० हजार ते ५ लाख. नियम मात्र इतके मोघम होते की 'पाळलं तर बरं' अशीच सगळ्यांची समजूत. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुडी खटल्यात नियम १५(१) कायद्याशी विसंगत ठरवला आणि सक्तीचे किमान निकष करायला केंद्राला सांगितलं. एप्रिल २०२५ मध्ये केवायसीच्या खटल्यात, जिथे डोळे मिचकावता न येणाऱ्यांना खाती उघडता येत नव्हती, न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. भारतीय मानक ब्यूरोचं आयएस १७८०२ हे मानकही आहे आणि ते डब्ल्यूसीएजीशी जुळतं, त्यामुळे वरचं केलंत तर वेगळी धावपळ नको. कमिटीला घाबरवायला दंडाचा आकडा वापरू नका. कुळावी परत गेला, हे महाजनांना जास्त लागतं.

शेवटी माणसांकडून तपासून घ्या. पणजीत जानेवारी २०२३ मध्ये पहिला पर्पल फेस्ट, म्हणजे दिव्यांगांचा महोत्सव, झाला तेव्हापासून गोव्यात दिव्यांगांच्या संस्था आणि तंत्रज्ञान जाणणारे दिव्यांग तरुण शोधणं अवघड राहिलेलं नाही. एक अंध, एक अल्पदृष्टी, एक कर्णबधिर आणि जमलं तर कळफलकानेच काम करणारा एक, इतके पुरेत. त्यांना पावती करायला सांगा आणि शेजारी गप्प बसा. 'इथे दाबा' म्हणालात की चाचणी संपली. आणि त्यांच्या वेळेचे पैसे द्या. नारळ-प्रसादावर बोळवण नको, डीटीपीवाल्याला देता तसे बिलावर द्या. विजेटवाल्याला दरवर्षी जे दिलं असतं त्यातून हे भागेल.

जत्रा महिन्यावर आली असेल तर थीम आणि मेनूला आता हात लावू नका, गर्दीच्या दिवसांत पावत्या बंद पडल्या तर पुढे कमिटी कशालाच परवानगी देणार नाही. लेबल, भाषेची खूण, तारखांची यादी, यूपीआय आयडी आणि पत्रिकेचा मजकूर हे पाचच करा, त्याने चालू काही मोडत नाही. बाकी सगळं जत्रेनंतर. तोवर सेवांच्या पानावर सगळ्यात वर लिहा की पावती व्हॉट्सॲपवर आणि फोनवरही घेतली जाईल, कुठल्या वेळेत तेही लिहा, आणि ऑफिसात फोन घेणाऱ्याला सांगून ठेवा की 'साइटवर करा' म्हणून परत पाठवायचं नाही.